ताप उतरला तरी गाय का ढासळते: गोचीडतापाबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दीड महिन्यापूर्वी व्यालेली संकरित गाय, आठ दिवसांपूर्वी 106 अंश फॅरनहाइट ताप. पहिल्या दिवशी गोचीडतापाचं म्हणून पिवळं इंजेक्शन दिलं, सोबत तापाचंही दिलं. ताप उतरला आणि दुसऱ्या दिवशी परत चढला. पाचव्या दिवशी रक्ततपासणीत थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी, निघाला आणि त्यावरचं औषध बुपारव्हाकोन दिलं. आज तीन दिवस झाले, ताप नाही, पण गाय वैरणीला तोंड लावत नाही, चार पावलं चालली की धापा टाकते आणि डोळ्यांची आतली कड पांढरी पडली आहे. दुसरा डोस द्यायचा का, बाकीच्या पाच जनावरांनाही आताच टोचून घ्यायचं का, आणि फवारूनही गोचीड परत का येतात, असं तुम्ही विचारलं आहे.

तुमचा सगळा जोर औषधावर आहे, पण मला काळजी वाटते ती रक्ताची. या आजारात परजीवी मारणं हे एक काम आणि गाय वाचवणं हे दुसरं. पहिलं काम तुमच्याकडे बहुतेक झालेलं आहे. ताप गेला हीच त्याची खूण. पण परजीवीने आठ दिवसांत ज्या तांबड्या पेशी संपवल्या, त्या बुपारव्हाकोन परत आणून देत नाही. तुमची गाय आता रक्त कमी पडल्यामुळे ढासळते आहे असं मला वाटतं. म्हणून दुसऱ्या डोसचं नंतर बघू, आधी आज काय करायचं ते.

तिला हलवू नका. दवाखान्यात न्यायला गाडीत चढवू नका, धुऊ नका, उन्हात बांधू नका, इंजेक्शनसाठी चौघांनी धरून झटापट करू नका. पाणी आणि वैरण तिच्या तोंडापाशी न्या. रक्त इतकं पातळ झालेलं असताना हृदय आधीच दुप्पट धावत असतं, त्यावर थोडी जरी ओढाताण झाली तरी ते थांबू शकतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक गाय माझ्यासमोर गेली. ताप उतरला होता, मालक खूश होता. ती मलूल दिसली म्हणून मी सलाईन लावलं, तेही भरभर, कारण पुढच्या गावी जायची घाई होती. तिसरी बाटली संपत आली तेव्हा नाकातून फेस आला. पातळ झालेलं रक्त मी आणखी पातळ केलं होतं, आणि थायलेरियाने आधीच सुजलेल्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. ती चूक मी विसरलो नाही. म्हणून तुम्हाला आधीच सांगतो, कोणी "अशक्तपणा आहे, चार बाटल्या लावू" म्हणालं तर आधी रक्त किती आहे ते मोजायला लावा.

हे मोजणं अवघड नाही. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. निरोगी गायीत तो साधारण 24 ते 46 च्या दरम्यान असतो. तो 15 च्या खाली आला की मी सावध होतो. 12 च्या आसपास येऊन गायीला धाप लागत असेल, नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर असतील, तर रक्त द्यायचा विचार करतो. नुसत्या आकड्यावर मात्र हा निर्णय घेत नाही. रक्त हळूहळू कमी झालं असेल तर 12 वरही गाय उभी राहून रवंथ करताना दिसते, आणि चार दिवसांत झपाट्याने कमी झालं असेल तर 14 वरच आडवी होते. तुमच्या वर्णनावरून तुमची गाय दुसऱ्या प्रकारात मोडते.

गायीला रक्त देणं पुष्कळांना वाटतं तेवढं दूरचं काम नाही. गायींमध्ये पहिल्या वेळेला दिलेलं रक्त बहुधा चालून जातं. अडचण येते ती आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा देताना. देणारी गाय धडधाकट, चांगल्या वजनाची, गाभण नसलेली आणि सांसर्गिक गर्भपाताच्या तपासणीत निर्दोष निघालेली हवी. किलोमागे 10 मिलीच्या हिशेबाने 400 किलोच्या गायीकडून 4 लिटर रक्त घेता येतं. ते सोडियम सायट्रेटमध्ये घेतात म्हणजे गोठत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं थेंब-थेंब देऊन बघायचं. थरथर, खोकला, डोळ्यांतून पाणी किंवा श्वास वाढणं, यातलं काही दिसलं की लगेच थांबायचं. दिलेल्या पेशी थोडेच दिवस टिकतात, पण तेवढ्यात गायीचं स्वतःचं रक्त तयार व्हायला वेळ मिळतो. हे काम तुमच्या पशुवैद्यकाचंच आहे. तुम्ही त्यांना एवढंच विचारा, "हिला रक्त द्यावं लागेल का?" कधी कधी मालकाने विचारल्यावरच हा विषय निघतो.

आता दुसऱ्या डोसचं. बुपारव्हाकोनचा डोस किलोमागे 2.5 मिलीग्रॅम, म्हणजे नेहमीच्या बाटलीत 20 किलोला 1 मिली. 400 किलोच्या गायीला 20 मिली लागतं. मला नेहमी शंका येते ती इथे. वजन अंदाजाने धरलं जातं, दुभती गाय हडकुळी दिसते म्हणून 300 धरतात आणि औषध पाऊण डोसच पडतं. तुमच्या गायीला किती मिली दिलं ते बघा. मानेच्या स्नायूत खोलवर आणि दोन ठिकाणी विभागून दिलेलं असावं. 48 ते 72 तासांनी ताप 103 च्या वर टिकून असेल, खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठी तशाच टणक असतील, तर दुसरा डोस द्यायला कारण आहे. ताप गेलाय, गाठी मऊ पडताहेत, तर दुसऱ्या डोसने फार काही साधणार नाही. इराण आणि ट्युनिशियात या औषधाला न जुमानणारा थायलेरिया सापडलेला आहे, त्यामुळे औषध निष्फळ ठरण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण माझ्या अनुभवात "औषध चाललं नाही" अशा दहा तक्रारींपैकी बहुतेक ठिकाणी औषध उशिरा दिलेलं असतं, नाहीतर कमी.

तुमच्याकडे उशीर झाला तो कसा, ते समजून घ्या. दोष द्यायला नाही, पुढच्या जनावरासाठी. "गोचीडताप" हे एक नाव आपण तीन वेगळ्या आजारांना लावतो. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, गाठी सुजवतो, मग तांबड्या पेशींत जातो. बबेसिया थेट तांबड्या पेशी फोडतो. ॲनाप्लाझ्मा हा तर परजीवी जंतूही नाही, तो जीवाणू आहे. पिवळं इंजेक्शन, म्हणजे डिमिनाझीन, बबेसियावर चांगलं चालतं, पण थायलेरियावर आणि ॲनाप्लाझ्मावर नाही. बुपारव्हाकोन थायलेरियाचं. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब. पहिल्या दिवशी ताप उतरला तो सोबतच्या तापाच्या इंजेक्शनाने. त्या उतरलेल्या तापाने सगळ्यांना चार दिवस गप्प बसवलं आणि तेवढ्यात परजीवी वाढत राहिला. म्हणून मी तापाचं इंजेक्शन देण्याआधी रक्ताची काच घेतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रक्ताचा थेंब काचेवर पसरून घेतो. नंतर दिलं तरी चालतं, जनावराला आराम मिळतो, पण काच आधी.

काच कशी घ्यायची तेही सांगतो, कारण प्रयोगशाळा लांब असेल तर हे काम तुमच्या गोठ्यातच होणार आहे. कानाच्या कडेची बारीक शीर टोचून आलेला पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या. स्वच्छ, चिकटपणा नसलेल्या काचेच्या एका टोकाला तो लावा. दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवा, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे ओढा. जिभेसारखा आकार उमटला पाहिजे, पुढे पुढे पातळ होत जाणारा. जाड झाली तर पुन्हा घ्या, त्यात काहीच दिसत नाही. वाऱ्यावर हलवून वाळवा, फुंकर मारू नका. आणि लगेच डबीत ठेवा, कारण ओल्या काचेवरचं रक्त माश्या चाटून नेतात. दुपारी ठेवलेली काच संध्याकाळी जाळीसारखी झालेली मी पाहिली आहे. फॉर्मलीनच्या बाटलीजवळही ठेवू नका, त्याच्या वाफेने पुढे रंग बसत नाही.

तापाच्या अगदी सुरुवातीला थायलेरिया रक्तात दिसेलच असं नाही. तेव्हा खांद्याच्या पुढची गाठ बोलते. बोटं खांद्याच्या हाडापुढे खोवून मागे-पुढे सरकवा. निरोगी गायीत ती गाठ चपटी आणि निसटती लागते. थायलेरियात ती लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी होते. वासरांमध्ये तर कानाखालची गाठही फुगते आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. त्या गाठीतून सुईने काढलेल्या थेंबात पांढऱ्या पेशींमध्ये निळसर ठिपक्यांचे पुंजके दिसले की निदान पक्कं. त्यांना रॉबर्ट कॉख यांच्या नावाने कॉखचे निळे पुंजके म्हणतात. ताप, त्यासोबत सुजलेली गाठ आणि अंगावर गोचीड, इतकं एकत्र दिसलं तर अहवालाची वाट बघत दोन दिवस घालवत नाही, त्याच दिवशी बुपारव्हाकोन देतो.

बबेसियाची मोठी खूण म्हणजे कॉफीसारखी लघवी. पण इथे एक फसगत आहे आणि तुमची गाय व्याल्याला दीडच महिना झाल्यामुळे ती तुम्हाला माहीत असावी. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फॉस्फरस कमी पडल्यानेही लघवी तशीच होते, आणि तेव्हा बहुधा ताप नसतो. बबेसियात ताप असतो. लघवी काचेच्या भांड्यात घेऊन थोडा वेळ ठेवा. तांबडं तळाशी बसलं तर ते खरं रक्त आहे, मूत्रमार्गातून आलेलं, तो वेगळाच विषय. सगळी लघवी एकसारखी तपकिरी राहिली तर पेशी फुटल्या आहेत. मग तापमान बघून बबेसिया की फॉस्फरस ते ठरवायचं.

ॲनाप्लाझ्मात लघवी तांबडी होत नाही, कावीळ जास्त दिसते, शेण घट्ट होतं आणि जनावर झपाट्याने वाळतं. तो बरेचदा बाकीच्या दोघांच्या सोबतीला असतो, म्हणून एक औषध देऊन सुधारणा थांबली की मी त्याच्याकडे बघतो. मात्र बरी होऊ लागलेल्या गायीच्या काचेत नव्या, अर्धवट तयार झालेल्या तांबड्या पेशींतले निळे ठिपके ॲनाप्लाझ्मासारखे दिसू शकतात. घाईने वाचलेल्या काचेवर मी नवं औषध सुरू करत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, बाकीच्या पाचांना आधीच टोचायचं का. माझं उत्तर नाही असं आहे. ज्या भागात गोचीड आहे तिथल्या बऱ्याच निरोगी जनावरांच्या रक्तात थायलेरिया आयुष्यभर थोडाफार राहतो. त्याच्यासोबत जगायची सवय त्यांना झालेली असते आणि त्याच थोड्या परजीवीमुळे पुढच्या हल्ल्याला ती तोंड देतात. म्हणून काचेत एखादा परजीवी दिसला म्हणजे आजार आहे असं होत नाही. ताप, सूज, रक्त कमी होणं यातलं काही सोबत लागतं. सरसकट टोचलं तर दूध फेकावं लागतं, आणि ज्याची गरज नव्हती अशा औषधाची सवय परजीवीला लागते.

त्यापेक्षा थर्मामीटर वापरा. पुढचे तीन आठवडे पाचही जनावरांचं सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. गोचीड चावल्यापासून थायलेरियाचा ताप यायला साधारण 10 ते 25 दिवस लागतात, म्हणजे जिच्या अंगात तो आधीच शिरला असेल ती या काळात सापडेल. थर्मामीटरचं टोक शेणात न रोवता गुदद्वाराच्या आतल्या भिंतीला टेकवा, नाहीतर आकडा कमी येतो. 101.5 च्या आसपास नेहमीचं. 103 च्या वर गेलं, त्यातही संध्याकाळी, की त्याच दिवशी गाठ चाचपा आणि काच घ्या. पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिलेलं बुपारव्हाकोन आणि सहाव्या दिवशी दिलेलं, यात जीव वाचण्या-न वाचण्याइतका फरक पडतो. पाचांत कोणाला आधी धोका, हे जातीवर आणि इतिहासावर आहे. साहिवालसारख्या देशी गायी थायलेरिया बऱ्यापैकी पेलतात, होल्स्टीन आणि त्यांच्या संकरित गायी नाहीत. बाहेरून नवी आणलेली, नुकती व्यालेली आणि संकरित वासरं, यांच्याकडे आधी बघा. वासरं लहान आहेत म्हणून सुरक्षित असतात हे बबेसियात बरंचसं खरं आहे. थायलेरियात संकरित वासराला अशी सवलत नाही. थायलेरियाची जिवंत, सौम्य केलेली लस आहे, ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. पुढच्या हंगामासाठी कालवडींना द्यायचा विचार करा, पण आजारी गोठ्यात आज उपाय म्हणून नाही.

आणखी एक, सगळ्यांना एकाच सुईने कधीच टोचू नका. ॲनाप्लाझ्मा गोचिडाशिवाय सुईवरच्या रक्तानेही पसरतो.

राहिला गोचिडाचा प्रश्न, आणि तुमच्या गोठ्याचं मूळ दुखणं तिथेच आहे. तुम्ही गाय फवारता आणि गोचीड भिंतीत बसलेली असते. थायलेरिया पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड मोठी, तपकिरी, पायांवर फिकट पट्टे असलेली आणि चपळ असते. ती कात टाकायला आणि अंडी घालायला जनावर सोडून विटांच्या फटीत, गव्हाणीच्या बुडाशी, दगडांखाली जाते. लहान असताना आजारी जनावराचं रक्त प्यायलेली गोचीड मोठी होऊन दुसऱ्याला चावते तेव्हा आजार देते. बबेसियाची गोचीड वेगळी. ती पिल्लू असताना चढते ती रक्ताने टम्म फुगेपर्यंत, साधारण तीन आठवडे, एकाच जनावरावर राहते, मग खाली पडून 2000 ते 3000 अंडी घालते, आणि बबेसिया त्या अंड्यांतूनच पिल्लांत उतरतो. 1893 मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी हेच दाखवून दिलं होतं, की गायीचा ताप गोचिडामार्फत जातो. एखादा कीटकासारखा जीव रोग पसरवतो याचे जगातले ते पहिल्या पुराव्यांपैकी एक.

म्हणून फवारणी करताना गोठा आणि गाय एकाच दिवशी. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. बुजवता येत नाहीत तिथे ज्योतीने शेकवा, पण जनावरं आणि वैरण बाहेर काढून. गायीला पाठीवरून शिंपडून भागत नाही. मोठ्या गायीला चार-पाच लिटर द्रावण लागतं, आणि ते कानाच्या आत, शेपटीखाली, कास आणि मांडीच्या मधल्या घडीत, मानेखालच्या पोळीत, खुरांच्या बेचक्यात पोचलं पाहिजे. द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढंच दाट करा. पातळ द्रावणाने दुबळी गोचीड मरते आणि चिवट उरते. दोन-तीन आठवड्यांनी परत करा, मध्येच जन्मलेली पिल्लं त्यात सापडतात. तेच औषध वर्षानुवर्षं चालत नसेल तर गट बदला. बाटलीवरचं नाव वेगळं आणि आत डेल्टामेथ्रिनच, असं असेल तर काहीच बदललं नाही. गाभण आणि दुभत्या जनावरांना काय चालतं आणि दूध किती दिवस सोडायचं, ते लेबलवर बघूनच करा.

फुगलेली गोचीड बोटांनी चिरडू नका. हायलोमा गोचिडातून क्रिमियन-काँगो ताप माणसालाही होतो. हातमोजे घाला, चिमट्याने काढा, औषधाच्या द्रावणात टाका. रोज संध्याकाळी दूध काढताना कासेभोवती आणि शेपटीखाली हात फिरवून ताजी चिकटलेली काढली तरी मोठा उपयोग होतो. थायलेरिया गोचिडाच्या लाळेत तयार व्हायला ती चिकटल्यावर सहसा दोन-तीन दिवस जावे लागतात.

गाय वाचली तर लगेच दुधावर येईल अशी अपेक्षा धरू नका. तिचं रक्त भरायला काही आठवडे लागतात, आणि थायलेरियात नवं रक्त तयार होण्याचा वेगही बरेचदा मंद असतो. लोहाची इंजेक्शनं टोचत बसू नका. तुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीरातच राहिलेलं असतं. चांगला चारा, खनिज मिश्रण आणि सावली एवढं द्या. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड कोणी सुचवलं तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका, ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि पुढे कधी ती गाभण असताना दिलं तर गर्भही पडू शकतो.

आज रात्री तीन गोष्टी लिहून ठेवा. ती आडवी असताना मिनिटाला किती श्वास घेते, शेण काळं आहे की नेहमीचं, आणि पाणी किती प्यायली. शेण काळं, चिकट असेल तर पोटातही रक्तस्राव होतोय, ते पशुवैद्यकाला फोनवरच सांगा. उद्या सकाळी पीसीव्ही करून घ्या आणि आकडा, तापमान आणि दिलेल्या औषधाचे मिली मला कळवा. रक्त द्यायचं की थांबायचं, हे त्यावर तुमच्या पशुवैद्यकाशी बोलून ठरवता येईल.